रहमतबीची हरकत

— न्हाई न्हाई, असं उभ्या-उभ्या न्हाई व्हायचं ते, बसा आधी. ओट्यावरच बसा, सारवून दोन दिस झाले, कपड्याला लागत न्हाई. अंगठा देते की — पळून कुठं चालले मी? गुडघे बघा माझे अन् मंग सांगा. तुमी मोजणीचे लोकं येता ते घाईतच येता. मागच्या बारीलाबी तेच, घरांभवती चुन्याच्या रेघा मारल्या, ते घूं करणारं डोरन उडवलं, माझ्या कोंबड्या दोन दिस खुराड्याभाईर आल्या न्हाईत, अन् तुमी मोकळे. आता वही घेऊन आले तर म्हणता, आजी, इथं अन् इथं अंगठा दाबा. दोन जागी काहून? — हां, दोन घरं. एक हे, माझं. अन् दुसरं हे शेजारचं, कुलपाचं. दोन्हीवर भागाबाई मसाजी. बराबर वाचलं तुमी. पण ते शेजारचं घर माझं न्हाई, रहमतबीचं हाय. — असं डोळे मोठे करू नका बाबा, चूक तुमची न्हाई, मीच तसं लिहायला लावलं. सांगते ना. आज हरकत घ्यायचा आखरीचा दिस हाय, व्हय ना? चार वाजेपर्यंत? मंग बसा निवांत. नांदेडची गाडी बाराच्या सुमाराला फाट्यावर येती. तिथून ऑटो करून रहमतबी यायची हाय — हरकत घ्यायला, माझ्याशी भांडायला. ती आल्याबिगर मी अंगठा देत न्हाई.

तवर गल्ली तर बघून घ्या. तुमच्या वहीत नुसते नंबर, घरात कोण व्हतं त्याची खबर तुमाला कशी असंल. ते समोरचं दोन दारांचं — तुमी दोन घरं लिहिले ना? ते एकच व्हतं. ग्यानोबा सुतार अन् त्याचा भाऊ पुंजाजी. सख्खे, एका ताटात जेवायचे. त्यांची बहीण बाळंतपणाला आली, तर दोघांनी एकमेकाला न सांगता एक-एक पाळणा केला. झाले घरात दोन पाळणे. बहिणीनं लेकरू ग्यानोबाच्या पाळण्यात घातलं — काहून, तर तो मोठा. झालं. पुंजाजीनं आठ दिसांत मधी भिंत घातली अन् रस्त्याकडनं नवं दार काढलं. दार मातर काय सुरेख केलं बघा, अजून कड हलली न्हाई. पण बोलणं गेलं ते गेलंच. ग्यानोबा वारला तवा पुंजाजी आपल्या दारात उभा राहून रडला, उंबरा वलांडून आला न्हाई. पोरं दोघांचेबी पुण्याला गेले, तिकडं एकाच कंपनीत हायेत म्हणे, इथं दोन कुलपं. मी तवाच म्हणलं व्हतं, अरे एकानं तरी दुसऱ्याच्या दारात मूठभर भुसा टाकायचा व्हता ना रे. — कसला भुसा? लाकडाचा. तुमाला ते ठावं न्हाई का? हां, तुमी तालुक्याचे.

आमच्या गल्लीत तसंच चालायचं. भांडण झालं, अबोला धरला — मंग पहिलं कोण बोलणार? कोणाचं नाक खाली व्हणार? म्हून ज्याला बोलायचं असंल त्यानं दुसऱ्याच्या दारात कचरा टाकायचा. लई न्हाई, मूठभर. खरकटं न्हाई, राख न्हाई — सुकं, झाडून निघंल असं. मंग तो दुसरा भाईर येणार, कमरेला हात लावणार, ह्याच्या दारात येऊन बडबड करणार — अन् बडबड केली की बोलणं सुरू झालंच ना? मंग च्या. तर रहमतबीचा नवरा अजीज, पिंजारी. घरातच कापूस पिंजायचा, गाद्या-रजया करायचा, शिरड शहापूरच्या निम्म्या लग्नातल्या गाद्या ह्या दारातून गेल्या. अन् आमचं धनगराचं, माझ्या मालकाचे, मसाजीचे, मेंढरं. म्हून माझ्या अंगणात कापूस दिसला की समजायचं रहमतबीला बोलायचं हाय, अन् तिच्या दारात लेंड्या दिसल्या की — व्हय, मीच टाकायची. ती यायची तणतणत, क्या गे भागे, अंधी हुई क्या. मी म्हणायची, मेंढराला काय कळतंय कोणाचं दार. मेंढरं तर सकाळीच डोंगराला गेलेले असायचे. तिलाबी ठावं, मलाबी ठावं. अजीजभाई आतून ऐकायचा, त्याचं पिंजण थांबलं की कळायचं, हसून राहिला. चाळीस वर्षं असंच. एक बारीला तर तिनं माझं सारं अंगण पांढरं केलं व्हतं कापसानं, तवा मी बारा दिस बोलले न्हाई व्हते. माझा पोरगा, रामप्रसाद, तापानं पडला व्हता, ती बघायला आली तर मी तोंड फिरवलं. काहून फिरवलं ते आता आठवतबी न्हाई.

काय म्हणता — फोन? हाय की फोन. रामप्रसादनं दिला, चाकणहून. तो अन् सून सीमा तिकडंच असतेत, ऐतवारी बोलतेत, दर बारीला म्हणतेत, माय, तू इकडं ये. जाऊन आले ना मी, पंधरा दिस राहिले, तिसऱ्या मजल्यावर. तिथं कोणाच्या दारात कचरा टाकला तर तो माणूस भाईर येत न्हाई, चिठ्ठी लावतो म्हणे. — तर रहमतबीच्या पोराचा, साजीदचा, नंबर हाय माझ्याजवळ. नांदेडला त्याचं गादी-सोफ्याचं दुकान हाय. मी फोन लावला की तो तिच्या कानाला धरतो. पण तिला ऐकू येत न्हाई बाबा. तीबी पिंजायला बसायची, सारी उमर त्या पिंजणाची ताणलेली तात कानाशी वाजली, कान गेले. समोर बसलं, तोंडाकडं बघितलं की तिला समदं कळतंय. फोनवर नुसती हां, हां करती. मी म्हणते तू कवा येती, ती म्हणती हां. मी म्हणते माझ्यावर राग हाय का, ती म्हणती हां. मंग साजीद फोन घेतो अन् म्हणतो, खाला, ठेवू का.

अन् राग असंलच तिला. मी वागलेच तशी. — हे तुमाला काहून सांगून राहिले मी? बरं, सांगते, गाडीला टाइम हाय अजून. अजीजभाई गेला त्याला सात वर्षं झाले. त्याच्यामागं वरीसभर ती इथंच व्हती. एक दिस सांजच्याला आली अन् म्हणली, भागे, सुबू जा रही मैं, साजीद के घर. सुनेचं, आयेशाचं, बाळंतपण हाय. मी म्हणलं, किती दिस? तर कुलूप हातात फिरवत राहिली. तवा मला कळलं, हिचं समदं बांधून झालंय. चाळीस वर्षं भिंतीला भिंत, अन् मला आदल्या दिशी सांगती? माझं डोकंच फिरलं. मी म्हणलं, जा की, इथं कोण धरून बसलंय तुला. सकाळी टेम्पो आला. तिची संदूक चढवली, अजीजभाईचं पिंजण चढवलं, गाद्या चढवल्या. मी आत बसले. ह्याच दाराच्या मागं, इथं. तिनं दोनदा कडी वाजवली. मी उठले न्हाई. गावचा कोतवाल मुंजाजी — तुमच्यासंगं मोजणीला फिरत व्हता ना, तोच — त्याच्याजवळ किल्ली ठेवून गेली, भागीला दे म्हून. टेम्पोचा आवाज गेला तवा मी दार उघडलं. ह्या ओट्यावर, तुमी बसले तिथंच, मूठभर कापूस पडलेला व्हता. सामान चढवताना उडाला असंल. मी तसंच धरून चालते.

त्याला आता सहा वर्षं झाले. ते लेकरू, वासिफ, शाळेत जातंय म्हणे, मी त्याला बघितलंबी न्हाई. तिचं घर मी रोज उघडते, झाडते, पंधरा दिसाला सारवते. उंदरं लागले व्हते त्याला औषध टाकलं, पावसाच्या आधी माळवदावर पांढरी माती टाकून घेतली. पण घर असं राखून काय व्हतं? एक दिस मी लेंड्या टाकल्या तिच्या दारात. खरंच. मेंढरं तर मसाजी गेल्यावर इकले, पण डोंगराकडून कळप जात व्हता, त्याच्यामागून पदरात बांधून आणल्या अन् टाकल्या. दुसऱ्या दिशी मीच झाडल्या. कोणी बघितलं असतं तर म्हणलं असतं, भागीच्या डोक्यात फरक पडला.

ते पलीकडचं पडलेलं घर नानीबाईचं. ती गेल्यावरबी उभं व्हतं, मंग जमीन हलली तवा मागची भिंत बसली. इकडं जमिनीतून गुरगुर आवाज येतोच, भांडे वाजतेत, आमाला सवय हाय. पण त्या दिशी सकाळी मी अंगण झाडत व्हते अन् पायाखालून असं सरसर गेलं, माळवदाची माती डोळ्यात. सारं गाव शाळेच्या मैदानाला पळालं. अन् मी काय केलं — मी रहमतबीचं दार बडवलं. ऊठ गं, भाईर ये, म्हून. तिला कमी ऐकू येतंय म्हून दोन्ही हातांनी बडवलं. मुंजाजीनं येऊन मला धरलं, म्हणला, भागाबाई, कुलूप दिसंना का तुला. तवा मी लई रडले. भीतीनं न्हाई. भीती कशाची, माळवद पडलं तर पडलं. मला एकटीला करमत न्हाई साहेब, खरं सांगते. सकाळी उठले की पहिलं कोणाशी बोलू, हेच समजत न्हाई. चार घरं अन् चूल एक.

अन् तशात तुमचा तो चुनेवाला आला. म्हणला, हे कुलपाचं घर कोणाचं. मी म्हणलं, माझं. — लोकांना मी काय सांगितलं, की घर बेवारस लिहितील, सरकारजमा करतील, म्हून माझं नाव घातलं. मुंजाजीला तेच सांगितलं. तुमालाबी तेच सांगणार व्हते. पण ते खोटं हाय. त्या माणसानंच बजावलं व्हतं, मालक गावात नसला तरी चालतंय, नाव सांगा फक्त. मला सरळ सांगता आलं असतं, रहमतबी अजीज पिंजारी. मंग काय झालं असतं? बराबर नाव, बराबर कागद, तो पोस्टानं साजीदकडं गेला असता, अन् कोणी आलं नसतं. समदं बराबर असलं तर कोण येतंय कोणाकडं? म्हून मी तिच्या दारात कचरा टाकला. मूठभर न्हाई, ह्या बारीला आख्खं घरच. मुंजाजी म्हणला, भागाबाई, हे चांगलं न्हाई, पिंजाऱ्याचं घर हडपलं म्हणतेल लोकं. मी म्हणलं, म्हणू दे. अन् त्यालाच म्हणलं, नोटीस निघंल ना, ती नांदेडला धाडा, साजीदचा पत्ता मी देते. आता तुमीच सांगा, घर हडपणारी बाई मालकिणीला नोटीस धाडा म्हून मागं लागती का? दुसऱ्या कोणाला कळो न कळो, रहमतबीला ते बराबर कळणार. ती येईल, कमरेला हात लावून इथं उभी राहील, क्या गे भागे म्हणंल, अन् मंग मी — मंग मी काय म्हणायचं ते लई दिसांपासून ठरवून ठेवलंय. ते तुमाला न्हाई सांगत.

किती वाजले? — साडेबारा? व्हतो उशीर गाडीला, वसमतला खोळंबती कवा कवा. हा ऑटोचाच आवाज हाय ना? — न्हाई, गिरणी सुरू झाली. बसा, उठू नका. तिचे पायबी आता पहिल्यावानी राहिले न्हाईत, फाट्यावर उतरायलाच टाइम लागंल. अन् ऑटोवाला नवा असला तर गल्लीच्या तोंडाशी सोडून देतो, आत वळत न्हाई. — काय काढून राहिले पिशवीतून? कसला कागद? — नांदेडहून आलेला? कवा आला? सोमवारी? मघापासून हा तुमच्याजवळ हाय? मंग बोलले काहून न्हाईत. — मी बोलू दिलं न्हाई. व्हय. ते बी खरंच हाय.

वाचा. — हळू वाचा, मोजणीचं वाचता तसं न्हाई. … रहमतबी अजीज पिंजारी, हां, तीच. नोटीस मिळाली. बरं. … माझी काही — काय? हरकत नाही? असं कसं, नीट बघा, तो ‘नाही’ शब्द जास्तीचा लागला असंल. — न्हाई लागला. … भागाबाई ही माझ्या बहिणीसारखी हाय. घर तिनंच राखलं. तिच्याच नावावर राहू द्यावं. … अन् पुढं? — तब्येतीमुळं मला आता गावाकडं येणं होणार नाही. … ते पुन्हा वाचा, शेवटचं. … बरं. बस. आता वाचू नका.

हे साजीदनं लिहिलं असंल आपल्या मनानं. दुकानाच्या गडबडीत लिहून टाकलं असंल, तिला दाखवलंबी नसंल. — अंगठा हाय? कुठं? दाखवा, असं उन्हाकडं धरा. … तिचाच हाय. हा मधून आडवा पट्टा दिसतो का, शाई न उठलेला? पिंजणाची तात तुटून बसली व्हती अंगठ्यावर. अजीजभाई जवळा बाजारला गेलेला, रगत थांबेना, मीच हळद दाबून धरून बसले व्हते सांजपर्यंत. तिचाच हाय, दुसऱ्या कोणाचा न्हाई.

तुमी म्हणणार, मन मोठं हाय तिचं. हाय ना, मी कुठं न्हाई म्हणते. पण मला घर पाहिजे व्हतं का? माझंच झाडून व्हईना मला. मला तिचं भांडण पाहिजे व्हतं, तर तिनं घर दिलं. बसल्या जागेवरून माफ करून टाकलं मला, एका कागदावर. तसं माफ करायला मी सांगितलं व्हतं का? चार शिव्या दिल्या असत्या तरी मला चाललं असतं, माझ्या दारात येऊन दिल्या असत्या तर. — तिला कळलं न्हाई असं म्हणता? काय ठावं. कळलं असंल अन् पायच उचलत नसतील. का कळलंच नसंल. आता ते विचारायचं कसं मी, फोनवर? ती हां म्हणंल.

थांबा, वही मिटू नका. माझी हरकत हाय. — व्हय, माझीच, माझ्याच नावावर. लिहा, भागाबाई मसाजी हिला हे मंजूर न्हाई. लिहा ना, हसू नका. मंग चौकशी लावतेल, तारीख देतेल, दोघींला समोरासमोर बोलावतेल. वसमतला बोलावलं तरी येते मी, नांदेडला बोलावलं तरी येते, गुडघ्याचं काय ते मी बघते. — न्हाई? काहून न्हाई? … तिनं लिहून दिलंय म्हून तिला यायचं काम न्हाई. मलाबी जायचं काम न्हाई. मी नको म्हणलं तर तिचं नाव परत लागंल, इथं बसल्या-बसल्या, तुमच्या पेनानं. … म्हंजे कसंबी करा, भेट व्हायची न्हाई.

बरं. मंग तिचंच नाव घाला. माझं खोडा. रहमतबी अजीज पिंजारी — नीट, सावकाश लिहा, वाचायला आलं पाहिजे. अंगठा मी एकाच जागी देते, माझ्या घरावर. आणा ती शाई. … झालं? अजून काय राहिलं? — तिच्या घराचा मालक जागेवर हजर हाय का. असंबी विचारतेत का? तो रकाना मोकळा सोडता येत न्हाई? … न्हाई येत.

लिहा मंग. हजर न्हाई.

जावा आता तुमी.